लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड लावायचंय? आधी पोर्ट बघा, मग काम कुठे अडतंय ते बघा

प्रश्न असा आलाय. विचारणाऱ्या ताई इंदिरानगरच्या, आर्किटेक्ट आहेत, घरूनच काम करतात. लॅपटॉप २०२१ चा, पातळ, आय७ ११६५जी७, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स आतलंच आयरिस एक्सई. स्केचअपमध्ये मॉडेल करतात, एन्स्केप (मॉडेलमध्ये लगेच फिरून बघायचं सॉफ्टवेअर) धड चालतच नाही आणि ब्लेंडरमध्ये एक हॉलचा शॉट रेंडरला, म्हणजे खरं वाटेल असं चित्र बनवायला, लावला की रात्रभर पंखा ओरडत बसतो. भावाने सांगितलं की बाहेरून ग्राफिक्स कार्डचा डबा मिळतो, एका केबलने जोडायचा, लॅपटॉप एकदम पळायला लागतो. दुकानदार म्हणतो असल्या भानगडीत पडू नका, गेमिंग लॅपटॉप घ्या. क्लायंटकडे आणि साईटवर लॅपटॉप घेऊन जावं लागतं, तेव्हा जड मशीन नकोय. आणि शेवटी भावाचं पण विचारलंय, त्याच्याकडे रायझन ५००० सिरीजचा लॅपटॉप आहे, त्याला गेम खेळायचेत, त्यालाही हाच डबा चालेल का.

आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. ताई, तुमच्या केसमध्ये हो, डबा घेण्यात अर्थ आहे. भावाच्या केसमध्ये नाही, त्याच्या लॅपटॉपला हा डबा चालणारच नाही. एकाच घरातले दोन लॅपटॉप आणि दोन उलटी उत्तरं, कारण हा सगळा खेळ पोर्टचा आणि कामाचा आहे, कार्ड किती भारी त्याचा नंबर तिसरा. मी नाशकात हार्डवेअरचं काम १८ वर्षं करतोय आणि लॅपटॉपला बाहेरून कार्ड लावायचे प्रकार एक्स्प्रेसकार्ड स्लॉटच्या जमान्यापासून करत आलोय, तेव्हा सेकंदाला जेमतेम ५०० एमबी डेटा जायचा आणि तरी लोकांना केवढं अप्रूप वाटायचं. तेव्हापासून आजपर्यंत ज्यांचे पैसे वाया गेलेले बघितले त्यातल्या जवळपास सगळ्यांनी आधी डबा घेतला आणि नंतर पोर्ट बघितला.

आता पोर्ट. यूएसबी-सीचं ते अंडाकृती भोक सगळीकडे सारखंच दिसतं पण आत काय आहे ते प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळं असतं. काहींत फक्त चार्जिंग आणि पेनड्राइव्ह, काहींत डिस्प्ले पण, आणि थोड्याच लॅपटॉपमध्ये पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा वेगवान रस्ता. ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच लागतं, दुसऱ्या कशावर ते चालत नाही. पोर्टशेजारी छोटी वीज कोरलेली असेल तर तो थंडरबोल्ट (पीसीआय एक्स्प्रेस बाहेर आणणारा पोर्ट), बॅटरीचं चित्र असेल तर ते चार्जिंगचं, इंग्रजी डी सारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट. पण काही कंपन्या काहीच छापत नाहीत म्हणून नुसत्या चिन्हावर जाऊ नका. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर स्पेसिफिकेशन वाचा आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलर किंवा यूएसबी४ (थंडरबोल्टसारखंच नवं यूएसबी) होस्ट राउटर अशी नोंद दिसते का बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंगला यूएसबीच्या आत यूएसबी४ चं वेगळं पान येतं, ते आलं तर काम सोपं.

तुमचा इंटेल ११ व्या जनरेशनचा प्रोसेसर आहे, त्यात थंडरबोल्ट ४ चा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. फक्त लॅपटॉप कंपनीने तो पोर्टपर्यंत आणलाय का तेवढं बघायचं, पातळ आय७ लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा आणलेला असतो. भावाचा रायझन ५००० आहे, त्याच्यात यूएसबी४ नाही, एएमडीकडे ते २०२२ च्या रायझन ६००० पासून आलं. म्हणून त्याच्या यूएसबी-सीला डबा लावला तर काहीही होणार नाही, डब्यातलं कार्ड विंडोजला दिसणारच नाही. यूएसबी४ लिहिलेल्या लॅपटॉपबद्दल अजून एक लक्षात ठेवा, यूएसबी४ च्या पहिल्या स्टँडर्डमध्ये लॅपटॉपवाल्याला पीसीआय एक्स्प्रेस देण्याची सक्ती नव्हती, तो ऐच्छिक भाग होता. थंडरबोल्ट ४ मध्ये मात्र सक्ती आहे, कमीत कमी ३२ गिगाबिट पीसीआय द्यावंच लागतं. म्हणून थंडरबोल्ट ४ दिसलं की मी निश्चिंत होतो, नुसतं यूएसबी४ दिसलं की ज्याने त्याच मॉडेलवर कार्ड लावून चालवलंय असा माणूस शोधतो.

मॅकबुकवाले पण विचारतात म्हणून इथेच सांगून टाकतो. ॲपलने २०१८ च्या मार्चमध्ये हाय सिएरा १०.१३.४ पासून बाहेरच्या कार्डाला अधिकृत सपोर्ट दिला होता, तो पण एएमडी कार्डांना. पण २०२० च्या शेवटी एम१ आला आणि तिथून पुढच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर ही सोय ॲपलने दिलेलीच नाही. थंडरबोल्ट पोर्ट असूनही. त्यामुळे एम सिरीजच्या मॅकबुकसाठी डबा घेऊ नका.

आता खरा मुद्दा, तो नीट समजून घ्या कारण बाकीचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. गंगापूर धरणात पाणी कितीही असू दे, तुमच्या घरात येणारी पाईप अर्धा इंची असेल तर नळाला धार अर्ध्या इंचाचीच येणार. कार्ड म्हणजे धरण नाही बरं का, धरण म्हणजे तुमचा प्रोसेसर, रॅम, एसएसडी, जिथून डेटा येतो. पाईप म्हणजे ती थंडरबोल्टची केबल. आणि कार्डावरची मेमरी, व्हीरॅम, म्हणजे गच्चीवरची टाकी. डेस्कटॉपमध्ये कार्ड १६ लेनच्या, म्हणजे डेटाच्या १६ वाटांच्या, स्लॉटमध्ये बसतं, चौथ्या जनरेशनचा स्लॉट असेल तर सेकंदाला साधारण ३१ जीबी जाऊ शकतात. थंडरबोल्ट ३ आणि ४ ची केबल ४० गिगाबिटची म्हणतात पण त्यातलं पीसीआयच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२ गिगाबिट, आणि जुन्या थंडरबोल्ट ३ च्या डब्यांमध्ये प्रत्यक्षात २२ गिगाबिटच्या आसपासच मिळतं, म्हणजे सेकंदाला पावणेतीन जीबी धरा. कुठे ३१ आणि कुठे पावणेतीन. आकडे बघून माणूस घाबरतो, पण घाबरायचं की नाही ते काम ठरवतं.

ब्लेंडरचं सायकल्स, म्हणजे त्यातलं रेंडर करणारं इंजिन, घ्या. रेंडर सुरू होताना सगळा सीन, टेक्श्चर, भिंती, सोफे, पडदे एकदा कार्डाच्या मेमरीत भरले जातात. टाकी एकदा भरली की मग पाईप बारीक असली तरी काय फरक पडतो, कार्ड आपलं आतल्या आत गणित करत राहतं आणि शेवटी एक इमेज बाहेर देतं. म्हणून रेंडरिंगमध्ये डब्यातलं कार्ड डेस्कटॉपमधल्या त्याच कार्डाच्या अगदी जवळ जातं. एआयची मॉडेल चालवणाऱ्यांचं पण तसंच, मॉडेल मेमरीत पूर्ण मावलं की पुढे केबलवर फारसा भार नाही. एन्स्केप आणि त्याच्यासारखी डी५, लुमियन ही मंडळी मधली. सीन लोड व्हायला वेळ जास्त लागेल पण एकदा उघडला की फिरायला, स्टिल काढायला चांगलं चालतं, व्हिडिओ एक्सपोर्ट पण व्यवस्थित होतो.

गेमचं उलट आहे. तिथे सेकंदाला ६०, १००, १४४ वेळा प्रोसेसर कार्डाला नवीन काम पाठवतो, वर नवीन टेक्श्चर सतत येत असतात, टाकीचा नळ आणि पाईप दोन्ही सतत चालू. म्हणून फ्रेम (सेकंदाला बनणारी चित्रं) जितके जास्त मागाल तितकं नुकसान जास्त. १०८०पी मध्ये खूप फ्रेम हवेत अशा गेममध्ये डब्यातलं महागडं कार्ड अगदी मध्यम वाटायला लागतं, ४के मध्ये तेच कार्ड बरं वाटतं कारण तिथे कार्ड स्वतःच दमलेलं असतं, केबलची वाट बघायची वेळ कमी येते. त्यात लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॅटचा असेल तर गेमला लागणारी प्रोसेसरची ताकदच नसते, मग कार्ड बसून राहतं.

ह्यावरून एक गोष्ट निघते जी दुकानात कोणी सांगत नाही. डब्यात लावायच्या कार्डाला मेमरी जास्त लागते, डेस्कटॉपपेक्षा जास्त. डेस्कटॉपमध्ये व्हीरॅम कमी पडली तर उरलेला डेटा सिस्टीमच्या रॅममधून येतो, हळू होतं पण चालतं. डब्यामध्ये तो उरलेला डेटा त्या अर्ध्या इंची पाईपमधून यायला लागतो आणि मग सीन अक्षरशः गोगलगाय होतो, नाहीतर सॉफ्टवेअर मेमरी संपली म्हणून बंदच पडतं. म्हणून तुम्हाला मी ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा १२ जीबीचं जुनं आरटीएक्स ३०६० घ्या म्हणेन. ते २०२१ चं कार्ड आहे, १७० वॅट खातं, इंटिरियरच्या सीनला १२ जीबी पुरतात. बजेट असेल तर ४०६० टीआय किंवा ५०६० टीआय घ्या पण १६ जीबीवालंच, दोन्हीचं ८ जीबीचं भावंड पण बाजारात आहे, बॉक्सवर नीट वाचा. ४०६० सारख्या कार्डांना ८ च लेन असतात म्हणून काही लोक नाक मुरडतात, डब्यामध्ये तशाही ४ च लेन मिळतात तेव्हा त्याची काळजी करू नका. इंटेलचं आर्क कार्ड मात्र डब्यासाठी नको, त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतो, नसला तर स्पीड खूपच घसरतो, आणि लॅपटॉप अधिक डबा ह्या जोडीत तो मिळेलच ह्याची खात्री नसते. एएमडी गेमला छान, पण तुमच्या रेंडरिंगच्या कामात एनव्हिडियाचा ऑप्टिक्स, म्हणजे रेंडर वेगात करायची सोय, सायकल्समध्ये जास्त कामाला येतो. म्हणून तुमच्यासाठी एनव्हिडिया.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर घ्या, मी स्वतः वापरतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगची कार्डं ढिगाने बाजारात आली, ती अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही पण पंख्याचा बेअरिंग आवाज, मेमरीवरचे थर्मल पॅड आणि अर्धा तास लोड देऊन टेंपरेचर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कॉलेज रोडला कोणाच्या घरी बघायला गेलात तर त्याच्याच मशीनवर टेस्ट चालू असताना बसून राहा, लाज वाटून घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचं असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, मी बरेचदा तसंच करतो, आणि तिथे पण बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघत नाही.

आता स्क्रीन. इथे बहुतेक लोक चुकतात. डबा लावला, कार्ड चालू झालं, आणि काम लॅपटॉपच्याच स्क्रीनवर बघत बसले. असं केलं की कार्डाने बनवलेली प्रत्येक फ्रेम त्याच केबलने उलटी लॅपटॉपकडे यायला लागते. साधा हिशोब, १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५०० एमबी नुसतं चित्र परत आणायला. मॉनिटर कार्डाच्याच एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टला लावा, चित्र तिथूनच बाहेर जाईल, केबल मोकळी राहील. रात्री रेंडर लावून झोपणार असाल तर फरक नाही पण एन्स्केपमध्ये फिरताना फरक लगेच जाणवतो. आर्किटेक्टला तसाही मोठा मॉनिटर लागतोच, तेव्हा तो खर्च डब्याच्या खर्चातच धरा.

पण डबा घ्यायच्या आधी एक दिवस फुकट तपासणी करा. नेहमीचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सचं पान. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना अडकत असेल आणि प्रोसेसरचा एकच कोर पूर्ण भरलेला असेल तर तिथे कार्ड काहीही करू शकत नाही, स्केचअप बरंचसं काम एकाच कोरवर करतं, रेव्हिट आणि टूडी ऑटोकॅडचं पण बरंचसं तसंच. सातपूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याने सॉलिडवर्क्स हळू चालतं म्हणून हट्टाने डबा घेतला होता, असेंब्ली रिबिल्ड व्हायला आधी जेवढा वेळ लागायचा तेवढाच नंतर लागला, कारण ते काम प्रोसेसरचं होतं. त्याला मी आधी सांगायला कमी पडलो ह्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून आता कोणीही विचारलं की आधी टास्क मॅनेजरचा फोटो मागतो. रॅम ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रॅम. आणि तुमच्यासारखं आयरिस एक्सई असेल तर अजून एक खूण आहे, रॅमची एकच स्टिक असेल तर विंडोज त्याला आयरिस एक्सई न म्हणता नुसतं यूएचडी दाखवतं, तसं दिसलं आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर दुसरी स्टिक टाकूनच बऱ्यापैकी फरक पडतो. तुमच्याकडे आयरिस एक्सईच दिसतंय म्हणजे दोन चॅनल आहेत, ते ठीक आहे. चार वर्षांत थर्मल पेस्ट बदलली नसेल तर ती पण बदलून घ्या, कार्ड बाहेर गेलं तरी प्रोसेसर आतच राहणार आहे आणि एप्रिल-मे मध्ये नाशिक पण ४० डिग्रीला टेकतं.

तुमच्या कामात अडतंय ते रेंडरला, आणि ते कार्डाचं काम आहे. म्हणून हो म्हणतोय.

डबा कुठला? दोन प्रकार आहेत. एक तयार पेटी, आत एसएमपीएस (वीज देणारं युनिट), पंखा, सगळं बसवलेलं, कार्ड तेवढं आपण टाकायचं. रेझरची कोअर एक्स २०१८ मध्ये २९९ डॉलरला आली होती, त्यात ६५० वॅटचा एसएमपीएस आणि लॅपटॉपला १०० वॅट चार्जिंग त्याच केबलने, कार्डाशिवाय एवढी किंमत, वर आपल्याकडे यायचं म्हणजे ड्युटी आणि जीएसटी. दुसरा प्रकार उघडा बोर्ड, त्यावर स्लॉट असतो, एसएमपीएस आपला साधा कॉम्प्युटरचा लावायचा, बराच स्वस्त पडतो. उघड्या बोर्डात आता एएसमीडियाच्या एएसएम२४६४पीडी चिपवाले यूएसबी४ बोर्ड चांगले येतात, जुन्या थंडरबोल्ट ३ च्या चिपपेक्षा पीसीआयला जास्त मोकळी जागा देतात आणि थंडरबोल्ट ४ लॅपटॉपवर चालतात. मी आता बहुतेकांना हेच लावून देतो. मात्र ह्यातल्या काही बोर्डांवर लॅपटॉप चार्ज होत नाही, तर काहींवर होतो, ते घेण्याआधी वाचा, नाहीतर चार्जरसाठी दुसरा पोर्ट लागेल. इथे एमजी रोडला ह्यातलं तयार मिळणं अवघड, ऑनलाइनच मागवावं लागतं, आणि बाहेरून मागवलं तर बिघडल्यावर परत पाठवायचा खर्च डोकेदुखी होते, तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी इथल्या विक्रेत्याकडून बिलासकट घ्या. थंडरबोल्ट ५ पण आलंय, ८० गिगाबिटचं, पीसीआयला ६४ गिगाबिट, पण तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट ४ आहे तेव्हा ५ चा डबा घेऊन स्पीड ४ चाच मिळणार.

घरात मुलं, मांजर असं काही असेल तर उघडा बोर्ड टेबलावर तसाच ठेवू नका. धूळ तर आहेच पण पावसाळ्यात पाली उबेला येऊन बसतात हे मी दोनदा बघितलंय. सुताराकडून बाजू जाळीची ठेवून लाकडी चौकट करून घ्या, तुम्ही तर आर्किटेक्टच आहात.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. हे मी फार कळकळीने सांगतोय. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून ७५, ८ पिनमधून १५०. आता साटा पॉवर कनेक्टर, ज्याच्यावर हार्डडिस्क चालते, त्याची १२ व्होल्टवरची ताकद फक्त ५४ वॅट असते. तरीही बाजारात साटा ते ८ पिन अशा वायरी सर्रास मिळतात. माझ्याकडे एक मुलगा असा जळालेला कनेक्टर घेऊन आला होता, प्लॅस्टिक वितळून कार्डाच्या पिनांना चिकटलेलं, नशीब तो खोलीतच होता आणि त्याने बटण बंद केलं. कार्डाची वायर एसएमपीएसमधूनच आलेली असली पाहिजे, जोडणी नको. ३०६० साठी ४५० ते ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा पुरतो.

मग अर्थिंग. लॅपटॉपच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार डबा लावल्यावर बरेच जण करतात, कारण घरच्या बोर्डाला अर्थिंगच नसतं, जुन्या वाड्यातल्या भाड्याच्या खोल्यांत तर हमखास. इलेक्ट्रिशियनला बोलवून ते आधी करून घ्या, मल्टीप्लग पण तीन पिनवाला, दोन पिनचा नको. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर टाका, नाहीतर लाईट गेली की स्विच व्हायला लागणाऱ्या क्षणभरात डबा बंद पडेल, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, आणि चालू विंडोजखालून कार्ड गायब झालं की बहुतेक वेळा मशीन हँग होतं, रात्रभराचं रेंडर गेलं. छोटा यूपीएस लावणार असाल तर कार्ड, मॉनिटर, लॅपटॉप सगळ्यांचे वॅट मिळवून बघा, ६०० व्हीएवाला फुल लोडला ओरडायला लागतो.

केबल डब्याबरोबर आलेलीच वापरा. मोबाईल चार्जरची यूएसबी-सी केबल दिसायला तशीच असते पण तिच्यातून बहुतेक वेळा यूएसबी २ चा ४८० मेगाबिट एवढाच डेटा जातो, कार्ड दिसणारच नाही आणि तुम्ही डब्याला दोष देत बसाल. लांब केबलचा मोह पण नको, पाऊण-एक मीटरच्या पुढे जायचं तर महागडी ॲक्टिव्ह केबल लागते.

जोडताना क्रम असा ठेवा. आधी लॅपटॉपचा बायोस आणि थंडरबोल्टचा फर्मवेअर कंपनीच्या साईटवरून अपडेट करून घ्या, बरीचशी दुखणी तिथेच बरी होतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. डबा चालू करून केबल लावा, थंडरबोल्टची परवानगी विचारणारी खिडकी येईल तिथे नेहमी जोडा असं निवडा. मग एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका. आधी दुसऱ्या कार्डाचे ड्रायव्हर टाकून बघितले असतील तर डीडीयू ह्या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने साफ करून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आणि कोड १२ आला तर त्याचा अर्थ कार्डाला मशीनमध्ये पुरेशी ॲड्रेसची जागा मिळाली नाही, हे जास्त करून आधीच एक एनव्हिडिया कार्ड आत असलेल्या लॅपटॉपमध्ये येतं, तुमच्यात आतलं वेगळं कार्ड नाही तेव्हा बहुधा येणार नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स म्हणून पान आहे, तिथे एन्स्केप, स्केचअप, ब्लेंडर एकेक करून हाय परफॉर्मन्सवर टाका. ब्लेंडरमध्ये दोन ठिकाणी सांगावं लागतं, प्रेफरन्सेसच्या सिस्टीममध्ये ऑप्टिक्स निवडायचं आणि सीनच्या रेंडर प्रॉपर्टीमध्ये डिव्हाइस जीपीयू करायचं, दुसरं विसरलं की कार्ड लावूनही रेंडर प्रोसेसरवरच चालतं आणि लोक मला फोन करतात की काहीच फरक नाही पडला.

साईटवर जायचं असेल तेव्हा केबल नुसती ओढून काढू नका. सगळे सॉफ्टवेअर बंद करा, खालच्या पट्टीतून डिव्हाइस सुरक्षित काढा, मग केबल. लॅपटॉप झोपवून केबल काढायची सवय पण लावून घेऊ नका, परत उठताना काळा स्क्रीन येतो.

भावाबद्दल. त्याच्या लॅपटॉपला यूएसबी-सीने जमणार नाही पण एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून जमू शकतं. तो स्लॉट म्हणजे पीसीआयच्याच ४ लेन असतात. एक ॲडॉप्टर तिथे लावून ऑक्युलिंक (पीसीआय थेट बाहेर नेणारी) केबल बाहेर काढायची आणि ती उघड्या बोर्डाला जोडायची, मध्ये थंडरबोल्टची चिपच नाही त्यामुळे चौथ्या जनरेशनचा स्लॉट असेल तर सरळ ६४ गिगाबिट मिळतात, गेमला हे थंडरबोल्ट ४ पेक्षा चांगलं. ५००० सिरीजच्या लॅपटॉपमध्ये तो तिसऱ्या जनरेशनचा असतो, म्हणजे ३२ गिगाबिट, तरीही बरं. पण दुसरा एम.२ स्लॉट रिकामा पाहिजे, तो पीसीआयवाला पाहिजे, साटावाला नाही, मागचं झाकण कापावं लागतं किंवा उघडंच ठेवावं लागतं, वॉरंटी असेल तर गेली समजा. आणि ही केबल चालू मशीनमध्ये कधीही लावायची-काढायची नाही, आधी डब्याचा एसएमपीएस चालू, मग लॅपटॉप चालू, बंद करताना आधी लॅपटॉप. चालू असताना ओढली तर बोर्ड जाऊ शकतो. हे मी अशांनाच करून देतो ज्यांचा लॅपटॉप आता टेबलावरून हलणार नाही. भावाला लॅपटॉप कॉलेजला न्यायचा असेल तर त्याला सरळ सांगा, पैसे साठव आणि घरी साधा डेस्कटॉप कर, डबा अधिक एसएमपीएस अधिक ॲडॉप्टरच्या पैशात सेकंडहँड मदरबोर्ड-प्रोसेसर येतो आणि कार्ड त्याच्यात पूर्ण ताकदीने चालतं.

हाच विचार तुम्हाला पण लागू होतो का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. तुम्ही रोज एकाच टेबलावर बसून काम करत असता तर मी तुम्हाला पण डेस्कटॉपच सांगितला असता. पण तुमच्या फाईली, लायब्ररी, प्लगइन सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये आहे, तोच दुपारी पाथर्डी फाट्याला साईटवर जातो, संध्याकाळी क्लायंटच्या डायनिंग टेबलवर उघडतो, आणि दोन मशीनमध्ये फाईली इकडून तिकडे करायला तुमच्याकडे वेळ नाही. गेमिंग लॅपटॉप घेतला तर त्याच्यातलं कार्ड त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डापेक्षा कमी वॅटवर चालतं, वजन आणि जाड चार्जर खांद्यावर, आणि तीन-चार वर्षांनी कार्ड जुनं झालं की पूर्ण लॅपटॉपच बदलावा लागतो. डब्यातलं कार्ड उद्या ऑफिस थाटलंत तर सरळ डेस्कटॉपमध्ये टाकता येतं. म्हणूनच आतलं कार्ड काढता येत नाही असे बंद डबे मी तुम्हाला सुचवत नाहीये.

एवढी तयारी करूनही एन्स्केप उघडायला तुमचा प्रोसेसर लागेल तेवढा वेळ लागेलच, चार कोरचा आहे तो, मोठी सोसायटी झाडांसकट उघडली तर थांबावं लागेल. एका बंगल्याच्या, एका फ्लॅटच्या इंटिरियरला काही अडचण येऊ नये.

सगळं लावून झालं की जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर, उघडा आणि बस इंटरफेस म्हणून ओळ आहे ती बघा. मोकळं असताना ती १.१ दाखवते, त्याने घाबरू नका, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून त्याची छोटी टेस्ट चालू केली की एक्स४ ३.० (४ लेन, तिसरी जनरेशन) असं दिसायला पाहिजे, चिपप्रमाणे एक्स४ ४.० पण दिसेल. एक्स१ दिसलं तर केबल उलटी करून दुसऱ्या पोर्टला लावून बघा, आणि तरीही एक्स१ राहिलं तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत मला त्या स्क्रीनचा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो.